परभणीच्या पाखरांची वही

प्रश्न : पक्षी अभ्यासाची मंडळं म्हणजे शिकारी साहेबांचा छंद, असं जुनी मंडळी सांगतात. मग आमच्या परभणीकडच्या पक्ष्यांच्या नोंदी कोणी नि कशा सुरू केल्या? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : म्हणजे दोन शंका झाल्या. मंडळ फक्त साहेबांचं होतं का, आणि त्याचा परभणीशी संबंध काय?

पहिली गोष्ट अर्धीच खरी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी स्थापली. त्यांत डॉ. सखाराम अर्जुन होते आणि प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंगही. शिकारी सभासद होतेच, पण बंदूक केवळ हौसेची नव्हती. चांगल्या दुर्बिणी दुर्मीळ. सारख्या दिसणाऱ्या दोन वटवट्यांतला फरक लांबून कोणी छातीठोकपणे सांगितला, तरी पुरावा काय? म्हणून पक्षी टिपायचा, त्याचं कातडं भरून जपायचं आणि पायाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासाला जवळपास निरुपयोगी.

आता परभणी. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी सालिम अलींनी १९३१ मध्ये हाती घेतली. अहवाल १९३३-३४ दरम्यान सोसायटीच्या नियतकालिकात आला, पक्षी अभ्यासक ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह. मुंबईचं मंडळ मराठवाड्याच्या मुलखाशी जोडलं गेलं ते असं.

‘कोरड्या भागात पक्षी कुठले?’ हा समज मात्र सोडा. माळढोक, तणमोर ही तर माळरानाचीच पाखरं. माळ नांगरले गेले तसे ती हटली. उलट त्या पाहणीच्या वेळी पूर्णेवर येलदरीचं धरण नव्हतं. मोठे जलाशय झाल्यावर पाणपक्ष्यांना नवी जागा मिळाली. काय गेलं, काय आलं, हे जुनी यादी हाताशी असल्याशिवाय कळलंच नसतं, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

आज बंदूक लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती वाट बंदच केली. दुर्बीण, वही आणि चारदोन सोबती पुरेत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, कारण तेव्हा उत्तरेकडचे पाहुणे पक्षी पाणवठ्यांवर स्थिरावलेले असतात. तुम्हीही एकच तळं धरावं, दरवर्षी त्याच सुमारास मोजावं. एखाद्या वर्षी चक्रवाक आलेच नाहीत, तर रकाना मोकळा न ठेवता शून्य लिहावं. नाहीतर पक्षी आले नव्हते की मोजणारे गेले नव्हते, हे पुढच्यांना कळणार नाही.