अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी आणताना: पैसा कुठे घालावा?

डिस्चार्जची तारीख कळली की पहिला फोन रुग्ण सांभाळणाऱ्या मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोला जातो. पुण्या-मुंबईत बारा तासांच्या मावशीचे दिवसाला साधारण ७०० ते १,००० रुपये पडतात, चोवीस तासांच्या मावशीचे ९०० ते १,३००. चोवीस तासांवाल्या मावशीचं जेवणखाण आपल्याकडे, आणि रात्री तीही झोपणार, हे धरून चाला. कमिशन वेगळं आहे का, गणपती-दिवाळीत बदली मिळेल का आणि मावशीच्या हातात किती पडतात, हे आधीच विचारून घ्या. शेवटचा प्रश्न चोंबडेपणाचा वाटेल, पण हातात फार थोडे पडत असतील तर बाई टिकत नाही.

एएनएम किंवा जीएनएम झालेली नर्स दिवसभर ठेवायची गरज बहुतेक घरांत नसते. कॅथेटर किंवा नाकातली नळी बदलायला, ड्रेसिंग करायला तिला भेटीपुरतं बोलवा. एका भेटीचे ५०० ते १,००० रुपये होतात. माझं मत विचाराल तर पहिल्याच आठवड्यात एक भेट केवळ मावशीला कूस बदलायला शिकवण्यासाठी घ्या.

कारण खरा खर्च बेडसोअरचा. जखम खोल गेली की ड्रेसिंग महिनोन्‌महिने चालतं. त्यापुढे अडीच ते पाच हजारांचा एअर बेड स्वस्तच म्हणायचा. तो नीट फुगलाय का हे हातानेच कळतं: माकडहाडाच्या खाली, एअर बेडच्या तळाशी तळवा सरकवा. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. पंप दिवसरात्र चालू हवा. वर एकच सैलसर चादर घाला. मायेपोटी जाड गोधडी पसरली की पैसे पाण्यात. मधे भोक असलेली रबरी रिंग तर घेऊच नका, तिच्या कडेने उलट रक्तपुरवठा अडतो. लाल झालेली जागा चोळायचीही नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम सगळ्यांना पाठ असतो. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टर्न’ अभ्यासात मात्र चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून गादी चांगली असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. त्यात सगळ्यांचीच झोप वाचते. कापसाच्या गादीवर हा हिशेब लावू नका.

डायपर दिवसाला चार धरले, एक ४० रुपयांना, तरी महिन्याचे ४,८०० होतात. वर-खाली होणारा फाउलर बेड आधी भाड्याने घ्या. डिपॉझिट परत कधी मिळणार, ते पावतीवर लिहून घ्या.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचे. घरच्या मावशीचा पगार त्यात येत नाही. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. मात्र रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, तेव्हा केमिस्टलाही यूपीआयनेच द्या आणि बिलं जपून ठेवा.