भ्रूणातील मूलपेशी : आशा आणि विवेक

आपल्या शरीरात दोनशेहून अधिक प्रकारच्या पेशी आहेत. हृदयाची पेशी हृदयाचे काम करते, मज्जातंतूची पेशी मज्जातंतूचे. पण अंडे फलित होऊन पाच-सहा दिवस झाले की त्याच्या आत पेशींचा एक लहानसा पुंजका तयार होतो आणि त्यातील पेशीला यांपैकी काहीही होता येते. हीच भ्रूणातील मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वाचून जेवढे उमगले तेवढेच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या काढून वाढविल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी तयार केलेले हे भ्रूण दांपत्यांनी दान केले होते. पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो. सारा वाद येथून सुरू झाला.

कॅथलिक चर्चच्या मते गर्भधारणेच्या क्षणापासूनच त्या जीवाला माणसाप्रमाणे वागविले पाहिजे. ब्रिटनने १९९० च्या कायद्याने चौदा दिवसांची मर्यादा घातली, कारण मज्जासंस्थेची पहिली खूणही तोवर उमटलेली नसते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये सरकारी पैसा केवळ आधीच तयार असलेल्या पेशीसमूहांपुरता मर्यादित केला. मार्च २००९ मध्ये ओबामांनी ते बंधन उठविले. २००१ च्या त्या अमेरिकन यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात पेशीसमूह होते, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही.

बौद्ध विचारात याचे उत्तर सरळ मिळत नाही. विनयपिटकात गर्भपात घडविणाऱ्या भिक्खूस संघाबाहेर काढण्याचा नियम आहे. मज्झिमनिकायात गर्भधारणेसाठी माता-पित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्ब अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. काचेच्या बशीतले अंडे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते! अशा वेळी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेविषयी बोलताना तत्त्व आणि नियम यांत केलेला भेद उपयोगी पडतो. नियमाला अपवाद नसतो. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते. जो भ्रूण कोणत्याही मातेच्या उदरी जाणार नाही आणि अखेर टाकूनच दिला जाणार आहे, तो दांपत्याने समजून-उमजून दान केला तर त्यात आम्हांस द्वेष किंवा मारण्याची इच्छा दिसत नाही.

मात्र बीजांडे देणाऱ्या स्त्रियांचे काय? दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ साली क्लोन केलेल्या भ्रूणांतून मूलपेशी मिळविल्याचे जाहीर केले. पुढे ते सारे बनावट निघाले. दोन हजारांवर बीजांडे वापरली गेली. काही स्त्रियांना पैसे दिले होते, तर काही त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिका होत्या. वरिष्ठापुढे दिलेला होकार कितपत खरा असतो, हे नोकरी करणाऱ्यांना सांगावयास नको.

जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली मानवी त्वचेच्या पेशींना मूलपेशींसारखे बनविले. भ्रूणाची गरजच लागली नाही. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. तरी भ्रूणपेशी मागे पडलेल्या नाहीत. त्यांपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवून त्या मधुमेहाच्या पहिल्या प्रकारातील गंभीर रुग्णांना दिल्या गेल्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षभराने इन्सुलिनची गरज उरली नाही, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि त्यांचा धोका लहान नाही.

हे झाले संशोधन. बाजार निराळा आहे. आमच्या शाखेत एक गृहस्थ सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या ‘स्टेम सेल’ इंजेक्शनांसाठी मुदत ठेव मोडावयास आले होते. मुलगा चालू लागेल असे त्यांना सांगण्यात आले होते; लेखी काहीच नव्हते. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज किती बुडेल याचा हिशोब आम्ही मांडून दिला आणि चौकशी करून या म्हटले. महिनाभराने त्यांनी ठेव मोडलीच. बापाच्या मनाला व्याजदर कळत नाही.

म्हणून एवढे लक्षात असू द्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या व तत्सम आजारांसाठी केलेले रक्तनिर्मितीच्या पेशींचे प्रत्यारोपण. बाकी वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हावा आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. डॉक्टरांकडे चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांक नसेल आणि पावती लाखाची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञाचे मत घ्यावे.