ताठ बसायची सायकल

अगं, दुकानात जायची घाई करू नकोस. आधी चालवणार कुठे ते ठरव. वाईहून मेणवली, पुढे धोम, कधी कालव्याच्या कडेने, आणि थंडीत एखाद्या रविवारी पसरणी घाट, असं तुझं म्हणणं. म्हणजे थोडं डांबर, पुष्कळ मुरूम, पावसानं उघडी पाडलेली खडी आणि उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. असल्या वाटेला वाकून पळवायची सायकल कामाची नाही, आणि दुकानदार कौतुकानं दाखवेल ती जाड शॉकअपवाली तर मुळीच नको. स्वस्तातला शॉकअप प्रत्येक पायडलसरशी खालीवर होतो, त्यात तुझा जोर जिरतो, वजन वाढतं ते वेगळंच.

तू जुनी, लोखंडी फ्रेमची, सव्वीस इंची गियरची सायकल शोध. पुढे साधा फोर्क हवा. अडगळीत पडलेल्या असतात अशा कितीतरी. घेताना पुढच्या नळीला जिथे खालची तिरकी नळी जोडलेली असते, तिथे खालून हात फिरव. रंगाला सुरकुती पडलेली असेल तर ती सायकल कुठेतरी जोरात आदळलेली आहे, सोडून दे. सीटची दांडी सुटून वरखाली होते का तेही बघ. गंजून बसलेली दांडी काढण्यात मिस्त्रीचा अख्खा दिवस जातो.

टायरच्या बाबतीत सगळे फसतात ते इथे. सव्वीस इंची टायर दोन जातींची मिळते. 26 × 1⅜ असा अपूर्णांक लिहिलेली एक, ती लेडीज सायकलची, 590 मिलिमीटरच्या रिमची. 26 × 1.75 किंवा 26 × 2.0 असा दशांश लिहिलेली दुसरी, ती 559 ची. दोन्हींवर सव्वीसच लिहिलेलं, पण एक टायर दुसरीच्या रिमवर बसत नाही. तुला दशांशवाली, दोन इंच रुंद हवी. मधे नक्षी बारीक, कडेला जराशी खोल. मोठ्या गाठीगाठींची टायर डांबरावर नुसती घूं घूं करते आणि दमवते.

आणि हवा दगडासारखी भरू नकोस. आराम सीटमध्ये नसतो, टायरमध्ये असतो. ताठ बसलं की हातावरचं वजन कमी होतं आणि ते सगळं मागच्या चाकावर येतं. तुझ्या वजनाला पुढे तीसेक पौंड, मागे पस्तीसच्या आसपास पुरे. मुरुमावर त्याहून जरा कमी चालेल, पण खड्ड्यात रिम जमिनीला ठेचण्याइतकी नको. ट्यूब मोटरसायकलसारख्या व्हॉल्वची घे, म्हणजे पेट्रोल पंपावर काटा बघून हवा भरता येते. आमच्या काळ्या सायकलीच्या बारीक व्हॉल्वला काटा लागायचाच नाही, अंगठा दाबून बघायचं.

हँडल मागे वळलेलं, उंच घे. मुठी सीटपेक्षा चारेक बोटं वर, कोपर जरासं वाकलेलं. बसवून झालं की हँडल पूर्ण वळवून बघ, मूठ गुडघ्याला लागते का. लागत असेल तर हँडल पुढे सरकवणारा लांब दांडा घ्यायचा. दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती नळीच्या आत गेलीच पाहिजे. उंचीच्या मोहापायी ती बाहेर ठेवलीस तर उतारावर दांडा निसटेल. आणि मिस्त्रीला सांग, हँडल मागे आलं की ब्रेकच्या केबलीही नव्या, लांब लागतात. तो जुन्याच ताणून बसवायला बघेल.

सीट रुंद हवी, खाली स्प्रिंग असलेली, पण उशीसारखी मऊ नको. मऊ सीटवर हाडं रुततात आणि मग सगळा भार मांसावर येतो. तासाभरात बसवत नाही. आपल्या बायकांची बसायची हाडं जरा लांब लांब असतात, म्हणून भावाच्या सायकलीची अरुंद सीट उचलून बसवू नकोस. उंची अशी बघ: टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलास की आपोआप थोडा वाकतो. निम्म्या बायका सीट खाली ठेवतात, पाय जमिनीला टेकावेत म्हणून, आणि गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे गोळ्या मागायला येतात!

आता गियर. आरोग्य उपकेंद्रावर असताना मी चालवायची त्या काळ्या सायकलीला पुढे 44 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जायची. सपाटीला छान, चढाला उतरून ढकलायची. तुझ्या सायकलीला पुढे 28 आणि मागेही 28 मिळाले तर एका फेऱ्यात दोनच मीटर. मुंगीच्या गतीनं, पण बसून चढशील. पसरणी घाट संपतो ती पाचगणी जवळजवळ 1,300 मीटर उंचीवर आहे, हे वाईतून निघताना लक्षात असू दे. चढ सुरू व्हायच्या आधीच गियर हलका कर. जोर लावून बदललास की चेन कडकडते. दम लागला तर हँडलचा पुढचा बाक धर, कंबर आपसूक पुढे येते.

लोखंडी चकचकीत रिम पावसात ब्रेक घेत नाही. ॲल्युमिनियमची रिम टाकून घे, इतर कशावर पैसे वाचव. पसरणीत उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नकोस. दाब, सोड, परत दाब. डांबरावर थांबवतो तो पुढचा ब्रेक, पण मुरुमावर वळताना त्याला हात लावायचा नाही, मागचाच हळू दाबायचा. खडबडीत पट्टा आला की दोन्ही पायडल आडवी ठेव, बूड सीटवरून किंचित उचल, आणि नजर खड्ड्यावर नको, जिथून जायचंय तिथे ठेव. वाळूत हँडल झटकायचं नाही, सावकाश पायडल मारत राहायचं.

पदर-ओढणीसाठी पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लाव, मिस्त्री हसला तर हसू दे. चेनला खोबरेल घालू नकोस. थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. मशीनचं तेल एकेक थेंब घाल, वरचं फडक्यानं पुसून काढ. पायडल बदलायची वेळ आली तर डाव्याचे आटे उलटे असतात, उगीच पान्याला लटकू नकोस.

पिशवीत एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे दोन चमचे, पाना. नव्यानं बांधलेल्या चाकाच्या तारा सुरुवातीला ढिल्या पडतात, म्हणून पंधरवड्यानं आऊट काढून घे. आणि घंटी मोठी लाव, कालव्यावर म्हशी आडव्या येतात.