उशाशी बसणाऱ्याची नाडी

या वेळी निवडलेल्या तीन पत्रांतले पेशंट तिघेही सत्तरीपुढचे आहेत. प्रश्न मात्र पेशंटबद्दल नाहीत, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाबद्दल आहेत. भेटायला येणारे त्या माणसाला चहा मागतात, तब्येत विचारत नाहीत. म्हणून आज त्याचीच पाळी.

प्रश्न : बाबा (वय ७९) न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. बारा दिवस हॉस्पिटलात त्यांच्याजवळ मी एकटीच होते. रात्री बाकड्यावर आडवं व्हायचं, दिवसभर औषधं, रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या आणि इन्शुरन्सचे कागद घेऊन जिने चढायचे. त्या बारा दिवसांत मला साधी शिंक आली नाही. बाबांना घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी मला ताप, घसादुखी, ओठाच्या कडेला फोड! आता बाबाच पलंगावरून विचारतात, ‘गोळी घेतलीस का?’ आता आजारी पडायला हरकत नाही, हे शरीराला कळतं का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : कळत असावं असं वाटण्याइतकी ती वेळ अचूक असते खरी. परीक्षा संपली की मुलाला ताप, लग्नघर रिकामं झालं की नवरीच्या आईचं अंथरूण, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण यात एकच कारण नसतं, तीन-चार कारणं एकमेकांवर चढून बसलेली असतात.

पहिलं कारण निव्वळ हिशोबाचं. सर्दीचा विषाणू अंगात शिरल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी नाक वाहू लागतं. फ्लूला बहुधा दोन दिवस लागतात, कधी चार. तेव्हा तुमचा ताप घरात उगवला नसावा, बाबांच्या सामानाबरोबर तो हॉस्पिटलातूनच आला असावा. बिलाच्या खिडकीपुढची रांग, गच्च भरलेली लिफ्ट, सगळ्यांनी हाताळलेलं पेन, एवढं त्याला पुरतं.

दुसरं कारण बाकड्यावरची झोप. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. सलाइन संपत आलं का, हे बघायला दर तासाला उठणाऱ्या माणसाची झोप कितीशी भरणार?

तिसरं कारण तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी जातं. ताप, अंगदुखी, सुजलेला घसा हा सगळा त्रास विषाणू एकटा देत नाही. त्यातला बराचसा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या लढाईचा गोंगाट असतो. धावपळीत मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल जास्त सोडतात. यातलं कॉर्टिसॉल सूज दाबतं. डॉक्टर सूज उतरवायला जी स्टेरॉइडं देतात, ती त्याच्याच कुळातली. अंगात हे रसायन चढलेलं असताना लढाई चालू असली तरी गोंगाट कमी होतो. घरी येऊन जीव खाली पडला, रसायन उतरलं, की तो ऐकू येऊ लागतो. ताण ओसरतानाच दुखणं डोकं वर काढतं, हे मायग्रेनच्या रुग्णांच्या रोजच्या नोंदींतही दिसलं आहे.

ओठावरच्या फोडांची तऱ्हा याहून निराळी. त्यांचा विषाणू बाहेरून बारा दिवसांत आलेला नसतो. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत पोटभाडेकरूसारखा निमूट राहतो. ताण, जागरण, ताप, कडक ऊन यांपैकी काही झालं की बाहेर येतो.

आता एक उलटा प्रश्न. त्या बारा दिवसांत तुम्ही खरंच ठणठणीत होतात का? त्या काळातला एखादा दिवस आठवून पाहा. डोकं दुखलं असेल, ते चहा न मिळाल्याचं म्हटलं असेल. पाय सुजले असतील, ते जिन्यांच्या खात्यावर टाकले असतील. घसा खवखवला असेल, पण तेवढ्यात सिस्टरने हाक मारली असेल. दुखण्याची दखल घ्यायलाही रिकामा वेळ लागतो, आणि तुमच्याकडे तोच नव्हता.

हे महिनोन्‌महिने चाललं तर शरीर हिशोब लांबवत नेतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात, ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले, सेवा करणाऱ्यांना जवळजवळ ४९.

तेव्हा आता ताप उतरेपर्यंत बाबांची सोय दुसऱ्याकडे द्या. भाऊ, भाचा, ब्युरोची मावशी, कुणीही. शस्त्रक्रिया झालेल्या ७९ वर्षांच्या माणसाला फ्लू परवडत नाही. जवळ जावंच लागलं तर मास्क लावून आणि हात धुऊन. ताप तीन दिवसांपुढे रेंगाळला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना दाखवा. फ्लूची वार्षिक लस बाबांसाठी विचाराल तेव्हा स्वतःसाठीही विचारा.

आपल्याकडे आईवडिलांच्या सेवेचा विषय निघाला की पुंडलिकाचं नाव येतंच. गोष्टीत आपल्याला भावतं, ते त्याचं आईवडिलांचे पाय न सोडणं. पण त्याने दारात आलेल्या देवालाही वीट सरकवून थांबायला सांगितलं होतं! आपल्याला रात्री साडेदहाला ‘आता कसं आहे?’ म्हणून फोन करणाऱ्या नात्यातल्या अकराव्या माणसालाही थांब म्हणता येत नाही. रोज संध्याकाळी एकच निरोप सगळ्यांना धाडा आणि फोन उलटा ठेवून झोपा.

प्रश्न : आईला अर्धांगवायू झाल्यापासून तिचं वजन घटून ५२ किलोवर आलंय. मी जिममध्ये साठ किलो उचलतो. तरी तिला पलंगावरून खुर्चीत बसवताना ती पोत्यासारखी जड लागते, आणि आता माझी पाठ धरली आहे. वजन कमी झालेलं माणूस जड कसं लागतं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : जत्रेतून परतताना कडेवरचं मूल झोपलं की एकदम जड होतं, तसंच हे. जागं मूल आपल्या कमरेला पाय आवळतं, गळ्यात हात टाकतं, आपल्या तोलाबरोबर आपला तोल हलवतं. म्हणजे निम्मं काम तेच करत असतं. झोपलं की ते काम आपल्यावर येतं. आई आजवर पलंगावरून उठायची तेव्हा पाय, कंबर, पाठ यांचे असंख्य स्नायू न सांगता कामाला लागायचे. आता अर्धं अंग त्या कामातून गेलंय.

जिमचा बार आणि आई यांत आणखी एक फरक आहे. बारला पकड असते, तो अंगालगत राहतो आणि मध्येच घाबरून मानेला मिठी मारत नाही. आई पलंगाच्या मध्यावर असते. तुम्ही कडेला उभे राहून, वाकून, हात लांबवून तिला घेता. कमरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवर असतात आणि ओझं असतं चाळीस सेंटीमीटरवर. पहारीने दगड उलथणारा लांब टोक धरतो, म्हणून जिंकतो. इथे तुमच्या कमरेच्या वाट्याला आखूड टोक आलंय. हातातल्या दर किलोमागे कमरेच्या स्नायूंना सात-आठ किलोंचा जोर लावावा लागतो, शिवाय वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन असतंच. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये हिशोब मांडून सांगितलं, की परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी एका माणसाने हातांनी पेशंटचा १६ किलोंहून जास्त भार घेऊ नये. हा हिशोब प्रशिक्षित परिचारिकांसाठीही तोच आहे. तेव्हा पाठ धरली, यात तुमच्या जिमचा दोष नाही.

मग करायचं काय? उचलणं सोडायचं आणि सरकवणं, वळवणं, उभं करणं शिकायचं. आधी आईला पलंगाच्या कडेला आणा. पावलं जमिनीवर टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे असू द्या. मग तिला पुढे झुकवा. बसलेला माणूस पुढे न झुकता उठूच शकत नाही; स्वतः एकदा ताठ बसून उठायचा प्रयत्न करा, लगेच पटेल. तुम्ही गुडघ्यांत वाका, तिच्या अगदी जवळ उभे राहा, मोठ्याने एक-दोन-तीन म्हणा आणि तिलाही म्हणू द्या. तीन म्हणताना तिची चांगली बाजू जो जोर लावते, तो फुकटात मिळालेला मदतनीस आहे. खुर्ची त्या चांगल्या बाजूलाच ठेवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. लुळ्या हाताला धरून किंवा बगलेत हात घालून ओढू नका. त्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, तो निखळू शकतो. पलंगावर वर सरकवायचं असेल तर तिच्याखाली जाड चादर दुहेरी घालून दोघांनी दोन बाजूंनी ओढावं. फिजिओथेरपिस्ट आईचे व्यायाम घ्यायला येतात, तेव्हा एक अख्खा दिवस तुम्हाला शिकवण्यासाठी मागून घ्या. आणि पाठीची कळ पायात उतरली किंवा पाय बधिर वाटला, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न : सासऱ्यांचं बीपी रोज सकाळी मी घरच्या मशीनवर मोजते आणि वहीत लिहिते. परवा सहज स्वतःचं मोजलं, तर १५२/९६! माझं वय ४९, मला काहीही होत नाही. मशीन बिघडलं असेल का?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : सासऱ्यांचे आकडे रोजच्यासारखेच येत असतील, तर मशीनवर आळ घेण्याआधी तुम्ही बीपी कसं मोजलंत ते पाहू. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, उभ्याने, मुलाला डब्याचं सांगता सांगता मोजलं असेल, तर तो आकडा तुमच्या धावपळीचा आहे. घरगुती मशीन डॉक्टरांसारखं ठोके ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची बारीक थरथर टिपतं आणि तिच्यावरून आकडा काढतं. हात हलला की थरथर बिघडते, आणि बोलण्याने तर खरोखरच बीपी चढतं. पट्टा दंडाला तोकडा पडत असेल तरीही आकडा जास्त येतो.

म्हणून सासऱ्यांसाठी पाळता तेच नियम स्वतःला लावा. चहा किंवा काम आटोपून अर्धा तास होऊ द्या, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय न दुमडता पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर ठेवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घरच्या मोजणीला दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा ही थोडी कमी रेषा धरतात. कधी १८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा जीभ अडखळणं असेल, तर सरासरीची वाट न बघता १०८ ला फोन करा.

‘काहीही होत नाही’ या तीन शब्दांवर मात्र विसंबू नका. बीपी बहुधा काही होऊ न देताच वाढतं. काहींचं दवाखान्यात नेमकं चांगलं भरतं आणि घरी रोज चढलेलं असतं. घरातला ताण घरात मोजल्याशिवाय सापडत नाही. तुम्ही सहज पट्टा बांधलात, हे बरंच झालं.

या निमित्ताने एक भीतीही काढून टाकू. सेवेने माणूस झिजतो, असं सरसकट खरं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची सेवा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा मृत्युदर चार वर्षांत ६३ टक्के जास्त आढळला. सेवा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. २०१३ मध्ये तिथल्याच साडेतीन हजार सेवेकऱ्यांच्या अभ्यासात तर त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा १८ टक्के कमी निघाला. तेव्हा सासऱ्यांची सेवा सोडायची गरज नाही. तिच्यातली जागरणं, एकटेपणा आणि पुढे ढकललेल्या तपासण्या सोडवायच्या आहेत.

सासऱ्यांच्या बीपीच्या वहीत डाव्या पानावर त्यांचे आकडे आहेत आणि उजवं पान कोरं असणार. आज त्याच्या माथ्यावर तुमचं नाव घाला. पुढच्या वेळी डॉक्टर वही उलटताना विचारतील, ‘हे कुणाचं?’ तेव्हा ‘काही नाही, ते माझं’ असं म्हणून पान मात्र उलटू नका.