गमबूट घेताय? मापात तडजोड नको

गमबूट मे महिन्यातच घ्या. पऱ्हाटी वाढून फवारणीची घाई सुरू झाली की चालते नंबर संपतात आणि उरलेला जोड तुमच्या गळ्यात मारला जातो.

साप बहुधा पावलाला नाहीतर घोट्याजवळ चावतो आणि फवाऱ्याचं औषधही पायांवरच उतरतं. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून जास्त जीव गेले. म्हणून बूट पोटरी झाकणारा, पीव्हीसीचा किंवा रबरीच हवा. ऑनलाइन दिसणारे चामडी ‘हंटिंग बूट’ शेतासाठी घेऊ नका. चामडं औषध शोषून घेतं आणि ते धुऊन निघत नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. शेतात घालाल तेच जाड सुती मोजे सोबत न्या. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा: अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, चवड्याला आवळायला नको. मग दुकानातच चाला, उकिडवे बसा. टाच वर सरकत असेल तर तो जोड परत ठेवा. पावसानंतरच्या काळ्या मातीत ढिला बूट चिखलात रुतून बसतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. निंदण-वेचणी करणाऱ्या बायांना चार-पाच नंबर सहसा मिळत नाही. ‘दोन मोजे घाला, बसेल’ असं दुकानदार म्हणेल. ऐकू नका, नंबर मागवायला लावा. तळाला खोल, लांब लांब खाचा असल्या की माती झडते.

साधा पीव्हीसी जोड साधारण ३०० ते ७०० रुपयांत मिळतो. लोखंडी टोपीचा बूट महाग आणि जड. शेतात त्याची गरज नाही. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, वरून एक रुपयाही देऊ नका. ऑनलाइन घेताना डिलिव्हरी आणि परतीचा खर्च आधी बघा. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की खरं-खोटं कळतं.

कागदपत्र एकच, पक्कं बिल. त्यावर मुदत लिहिली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देणं दुकानदाराला बंधनकारक आहे. ‘विकलेला माल परत नाही’ असं छापलेलं असलं तरीही. टाळाटाळ केली तर १९१५ला फोन करा.

फवारताना पँट बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर औषध ओघळून आत जातं. नंतर बूट साबणाने धुवा, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, आणि सावलीत उलटे टांगा. घालण्याआधी झटका, आत विंचू बसलेला असू शकतो. भेग पडलेला बूट फवारणीतून बाद.

आणि बूट असूनही साप चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. १०८ लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.