चेंडूतली हवा

सामना रंगला की मैदानावर खेळाडू झुंजतात आणि मैदानाबाहेर त्यांचे चाहते. 'तुमचा संघ लबाड आहे', 'आमचाच संघ जिंकणार', अशी वाक्ये मग सर्रास ऐकू येतात. २०१५ साली अमेरिकेत एका चेंडूतल्या हवेवरून असाच मोठा वाद झाला. त्या वादाची हकिकत या पाठात सांगितली आहे. आरोप, पुरावा आणि अंदाज या तीन गोष्टींत काय फरक आहे, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.

मुलांनो, फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत मात्र फुटबॉल हा निराळाच खेळ आहे. तिथल्या चेंडूची दोन्ही टोके निमुळती असतात. खेळाडू तो चेंडू हातात धरून पळतात किंवा हाताने फेकतात. चेंडू घेऊन समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचले की सहा गुण मिळतात. चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या प्रमुख खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. या खेळाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे नाव नॅशनल फुटबॉल लीग असे आहे. तिच्यात बत्तीस संघ असून त्यांचे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. त्या अंतिम सामन्याला 'सुपर बोल' म्हणतात. त्या दिवशी अमेरिकेत घरोघरी लोक दूरदर्शन संचापुढे बसलेले असतात.

या खेळात एक वेगळी पद्धत आहे. प्रत्येक संघ चढाई करताना आपण आणलेले चेंडू वापरतो. सामन्यापूर्वी पंच ते तपासतात. चेंडूतल्या हवेचा दाब दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड असावा, असा नियम आहे. हवा थोडी कमी असली तर चेंडू मऊ होतो आणि हातात नीट धरता येतो. पावसात तर असा चेंडू अधिकच सोयीचा. म्हणून हवा मुद्दाम कमी करणे ही फसवणूक ठरते.

१८ जानेवारी २०१५ रोजी बोस्टन शहराजवळच्या फॉक्सबरो येथे एका विभागाचा अंतिम सामना झाला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स हे संघ समोरासमोर होते. हवा गार होती आणि पाऊस पडत होता. पेट्रियट्सचे चेंडू मऊ असतात, अशी शंका कोल्ट्सच्या लोकांनी सामन्याआधीच कळवली होती. पहिल्या अर्ध्यात पेट्रियट्सने फेकलेला एक चेंडू कोल्ट्सच्या खेळाडूने झेलला. त्या चेंडूत हवा कमी आहे, अशी तक्रार झाली. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले. सगळ्यांचा दाब १२.५ पौंडांहून कमी भरला. मग त्यांत पुन्हा हवा भरून पुढचा खेळ झाला. पेट्रियट्सने सामना ४५-७ असा जिंकला आणि सुपर बोलमध्ये प्रवेश केला.

त्याच दिवशी दुसऱ्या विभागात सिअॅटल सीहॉक्स हा संघ जिंकला. अंतिम सामना १ फेब्रुवारीला ठरला होता. मध्ये दोन आठवडे होते. हे दोन आठवडे अमेरिकेत हवेवाचून दुसरा विषय नव्हता!

दोन दिवसांतच एका दूरदर्शन वाहिनीने बातमी दिली : 'बारा चेंडूंपैकी अकरा चेंडूंत तब्बल दोन-दोन पौंड दाब कमी होता.' झाले! दुकानांत, कचेऱ्यांत, बसमध्ये लोक भांडू लागले. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २२ जानेवारीला पत्रकारांपुढे आला. 'मी चेंडूंत कोणताही फेरफार केला नाही', असे त्याने सांगितले. पण ज्यांना तो आवडत होता त्यांनी ते खरे मानले आणि ज्यांना तो आवडत नव्हता त्यांनी खोटे. दोन्ही बाजूंचे म्हणणे साधारण असे होते :

विरोधक : अकरा चेंडूंतली हवा आपोआप कमी होते काय?

पेट्रियट्सचे चाहते : थंडीत हवेचा दाब कमी होतो. शाळेत शिकला नाहीत का?

विरोधक : मग कोल्ट्सचे चेंडू मऊ का झाले नाहीत? शिवाय तुमचा संघ पूर्वीही पकडला गेला आहे.

पेट्रियट्सचे चाहते : जुन्या गोष्टी उगाळू नका. मध्यंतरात चेंडूंत हवा भरली, त्यानंतर आम्ही २८ गुण मिळवले आणि कोल्ट्सना एकही मिळाला नाही. मऊ चेंडूमुळे आम्ही जिंकलो, असे कसे म्हणता?

विरोधक : चोरीचा उपयोग झाला नाही म्हणून चोर निर्दोष ठरत नाही. सुपर बोलमध्ये सीहॉक्स तुम्हांला धडा शिकवतील!

पेट्रियट्सचे चाहते : बघालच! आम्ही जिंकलो की आमचा खरेपणा सिद्ध होईल.

'पूर्वीही पकडला गेला' हे विरोधकांचे बोलणे खोटे नव्हते. २००७ साली पेट्रियट्सच्या माणसांनी दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकांच्या खुणांचे चित्रीकरण केले होते. त्याबद्दल प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला होता. पण एकदा चूक केलेल्याने दुसऱ्यांदाही केलीच असेल, असे नाही. जुन्या चुकीमुळे शंका घेता येते. निकाल देता येत नाही.

आता नीट विचार करू. या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. चेंडूंतली हवा कमी होती का? ती कोणी मुद्दाम काढली का? आणि सुपर बोल कोण जिंकणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळते. दुसऱ्याला साक्षी-पुरावे लागतात. तिसऱ्याचे उत्तर केवळ मैदानच देते.

पहिला प्रश्न घेऊ. सायकलच्या चाकात दुपारी भरलेली हवा थंडीच्या पहाटे कमी वाटते. चाकाला छिद्र नसते, पण वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो. चेंडूचेही तसेच होते. पंचांच्या खोलीत तापमान सुमारे २१ अंश सेल्सियस होते. बाहेर मैदानावर ते सुमारे ९ अंश होते. शास्त्रात तापमान केल्विनमध्ये धरतात, म्हणजे २९४ आणि २८२. दाब धरताना बाहेरच्या वातावरणाचा १४.७ पौंड दाबही मिळवावा लागतो. १२.५ आणि १४.७ मिळून २७.२ झाले. त्याला २८२ ने गुणून २९४ ने भागले की सुमारे २६.१ येतात. त्यातून १४.७ वजा करा. उत्तर ११.४ पौंड! म्हणजे कोणी हात न लावताही केवळ थंडीने चेंडूतला दाब एका पौंडाहून जास्त उतरू शकतो.

मग मध्यंतरात खरोखर किती दाब भरला होता? ते आकडे मे २०१५ मध्ये चौकशी अहवालातून लोकांपुढे आले. प्रत्येक चेंडू दोन मापकांनी मोजला होता. दोन्ही मापकांचे आकडे सारखे नव्हते. एकाने सरासरी सुमारे ११.५ दाखवली, तर दुसऱ्याने सुमारे ११.१. पूर्ण दोन पौंडांची घट फक्त एका चेंडूत दिसली, तीही एकाच मापकावर. 'अकरा चेंडूंत दोन-दोन पौंड' ही बातमी चुकीची होती. पण तोवर साडेतीन महिने लोटले होते आणि त्या बातमीवर हजारो लोकांनी आपले मत पक्के केले होते. पराचा कावळा होतो तो असा.

म्हणजे पेट्रियट्स निर्दोष ठरले का? तसेही नाही. कोल्ट्सचे चार चेंडू मोजले होते. त्यांत दाब फारसा उतरला नव्हता. केवळ थंडीने हा फरक पडत नाही, असे चौकशीतल्या तज्ज्ञांनी सांगितले. यावर इतर काही शास्त्रज्ञ म्हणाले, 'कोल्ट्सचे चेंडू नंतर मोजले. तोवर ते उबदार खोलीत पडून होते, म्हणून त्यांचा दाब पुन्हा वाढला.' सामन्यापूर्वीचे आकडे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. त्यामुळे हा वाद गणिताने सुटेना.

दुसऱ्या प्रश्नासाठी अहवालात आणखी पुरावे होते. चेंडू सांभाळणारा एक कर्मचारी सामन्यापूर्वी चेंडूंची पिशवी घेऊन स्वच्छतागृहात गेला होता आणि सुमारे शंभर सेकंद आत होता. त्याचे आणि दुसऱ्या एका कर्मचाऱ्याचे फोनवरचे संदेशही संशयास्पद होते.  या सगळ्यावरून चौकशी करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की, हवा मुद्दाम काढली असण्याचा संभव नसण्यापेक्षा अधिक आहे आणि ब्रेडीला त्याची साधारण कल्पना असावी. 'खात्रीने' हा शब्द त्यांनी वापरला नाही.

शिक्षा मात्र झाली. ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली. संघाला दहा लाख डॉलर दंड झाला. त्या दोन कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले आणि काही महिन्यांनी परत घेतले. प्रकरण न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये एका न्यायाधीशांनी बंदी उठवली. एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक मताने कायम केली. न्यायालयाने हवा कोणी काढली हे ठरवले नाही. शिक्षा देण्याचा अधिकार लीगच्या प्रमुखांना आहे, एवढेच सांगितले.

आता तिसरा प्रश्न. सुपर बोलबद्दल जाणकारांचेही एकमत नव्हते. सीहॉक्स आदल्या वर्षीचे विजेते होते आणि त्यांचा बचाव अतिशय भक्कम होता. पेट्रियट्सकडे ब्रेडी आणि बेलिचिक यांचा दांडगा अनुभव होता. 'सीहॉक्सचा बचाव ब्रेडीला रोखेल' किंवा 'अनुभव कामी येईल' हे अंदाज होते, आणि त्यांच्यामागे कारण होते. पण 'ते लबाड आहेत म्हणून हरतील' हा अंदाज नव्हे, ती नुसती इच्छा.

१ फेब्रुवारीला ग्लेंडेल येथे सामना झाला. मध्यंतरात १४-१४ अशी बरोबरी होती. तिसऱ्या टप्प्यानंतर सीहॉक्स २४-१४ असे पुढे होते. पेट्रियट्सने जिद्दीने २८-२४ अशी आघाडी घेतली. शेवटच्या मिनिटात सीहॉक्स रेषेपासून केवळ एक यार्डावर होते. चेंडू घेऊन त्यांचा दणकट खेळाडू मुसंडी मारणार, असे सर्वांना वाटले. पण त्यांनी चेंडू फेकला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने तो झेलला. पेट्रियट्स जिंकले. या खेळाडूचे नाव कोणाच्याही भाकितात नव्हते!

विजयाने पेट्रियट्सचा खरेपणा सिद्ध झाला नाही. ते हरले असते तरी त्यांची लबाडी सिद्ध झाली नसती. वादातून एक चांगली गोष्ट मात्र घडली. पुढच्या हंगामापासून चेंडूंवर क्रमांक घालण्याचा आणि दाब मोजून लिहून ठेवण्याचा नियम झाला.

आपल्या गल्लीतल्या सामन्यातही आरोप होतातच. कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, अशी मराठीत म्हण आहे. आपण संघावर प्रेम जरूर करावे, अंदाजही खुशाल बांधावेत. मात्र कोणाला लबाड म्हणण्यापूर्वी ते चार बोटांचे अंतर ओलांडून स्वतः पाहावे. संघ हरला तर पुढच्या वर्षी जिंकतो. माणसाचे गेलेले नाव इतक्या सहज परत येत नाही.

शब्दार्थ
निमुळता – टोकाकडे बारीक होत गेलेला. दाब – दबाव. मापक – मोजण्याचे साधन. पुरावा – सबूत. भाकीत – पुढे काय होईल याविषयी आधीच केलेले विधान. निष्कर्ष – विचारांती काढलेले अनुमान. नवखा – नवीन, अनुभव नसलेला.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चेंडूतला दाब किती असावा, असा नियम आहे?
(आ) २०१५ चा सुपर बोल कोणत्या दोन संघांत झाला?
(इ) शेवटचा चेंडू कोणी झेलला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) थंडीत चेंडूतला दाब का उतरतो?
(आ) दूरदर्शन वाहिनीची बातमी चुकीची होती, हे कशावरून कळले?
(इ) तुम्ही चौकशी करणारे असता तर कोणता निष्कर्ष काढला असता? कारणे द्या.

प्र. ३. पुढील वाक्यांपुढे 'आरोप', 'पुरावा' किंवा 'अंदाज' यांपैकी योग्य शब्द लिहा.
(अ) तुमचा संघ लबाड आहे.
(आ) दोन मापकांचे आकडे अहवालात दिले आहेत.
(इ) सीहॉक्सचा बचाव ब्रेडीला रोखेल.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : पराचा कावळा करणे, धडा शिकवणे, जुन्या गोष्टी उगाळणे.

प्र. ५. 'तक्रार' हा शब्द उर्दूतही आहे. उर्दूत आणि मराठीत त्याच्या अर्थात काय फरक आहे, ते सांगा. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा, जे दोन्ही भाषांत वापरले जातात.

उपक्रम : फुटबॉलमध्ये दुपारी हवा भरा आणि दाब मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजा. फरक वर्गात सांगा.