उन्हाच्या शेजारी बसव

लेकरा, ताडकळसला फोटोचं दुकान टाकतोयस, तर आधी एवढं ऐक. आपल्याकडं उजेड उदंड, ओढ असते ती सावलीची. माणसाला उन्हात बसवू नकोस, उन्हाच्या शेजारी बसव. जुन्या घरांची ढेळज याला सगळ्यात चांगली: वर छत, बाजूला भिंती, समोर उजळ अंगण. उंबऱ्याच्या आत हातभर बसव, तोंड अंगणाकडं. मग थोडं तिरकं फिरव, एका गालावर हलकी सावली येईपर्यंत. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाब. आणखी आत सरकवलंस तर उजेड झपाट्यानं उतरतो आणि सावल्या गडद होतात.

पुस्तकात उत्तरेची खिडकी सांगतात. ती युरोपातल्या चित्रकारांची रीत. तिथं दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला, म्हणून उत्तरेकडून बहुतेक वेळ नुसता आभाळाचा मऊ उजेड येतो. आपलं गाव १९ अंशांच्या थोडं वर. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारीही तो उत्तरेकडं झुकलेला असतो. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत उगवतो-मावळतो तोही उत्तरेला सरकून. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत शिरतं. तेव्हा खिडकीला पांढरं धोतर एकेरी ताणून बांध. यात कमीपणा नाही. आपली परभणी निजामाच्या राज्यात होती, राजा दीनदयाळ दरबाराचे छायाचित्रकार होते, त्या काळी स्टुडिओला काचेचं छत असे आणि पडदे सरकवूनच उजेड कमी-जास्त करत.

शेतात गेलास तर आधी पायाखाली बघ. आपली माती काळी, ती उजेड गिळते. खालून चेहऱ्यावर काही परत येत नाही, म्हणून डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ढिगापुढं बसव, एरवी पांढरी चादर समोर अंथर. हिरव्या सोयाबीनला खेटून बसवलंस तर हनुवटी हिरवट येते.

पांढरी टोपी, पांढरा सदरा, सावळा चेहरा, हेच तुझं रोजचं गिऱ्हाईक. कॅमेरा त्या पांढऱ्याला भुलतो आणि चेहरा अंधारात टाकतो. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट ठेव आणि उजेड चेहऱ्यापुरता वाढव. पण कुणाला गोरं करू नकोस. सावळ्या कातडीवरून तिरपा उजेड जातो तेव्हा जी चमक येते, ती पुसलीस तर घरचे विचारतील, हा आमचा बाप कुठला?

लग्नात नवरीला रंगीत मांडवाखाली उभी करू नकोस. कापडाचा लाल-पिवळा रंग तोंडावर उतरतो, तो नंतर कॉम्प्युटरवर नीट निघत नाही. ऊन कलल्यावर, पाठवणीच्या आधी, तिला चुन्याच्या भिंतीजवळ सावलीत पाच मिनिटं मागून घे. पहिला फोटो आई-बापासोबतचा काढ, मग बाकीच्यांना येऊ दे.